ठेवलेला नारळ

महादूनं सायकल उलटी केली आणि मागचं चाक फिरवलं. कॅसेट, म्हणजे चाकावरचा दातेरी चकत्यांचा गठ्ठा, लटपटत फिरली. नट पार तळाला टेकलेला, तरी चकत्या खुळखुळत होत्या.

भाई घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून बसले होते. त्यांचं लक्ष चाकाकडे नव्हतं, महादूच्या हातांकडे होतं. संशयाला औषध नसतं म्हणतात. भाईंना ते नकोच असायचं. कुणाचा तरी संशय आला की त्यांना जेवण चांगलं जायचं.

"मी तेवाच सांगलंय, भाईंनू," महादू म्हणाला. "जुन्या चाकार हेच्या खाली एक पातळ वायसर होतो. तो नाय म्हणान ही हलता."

"होतो ना? मगे गेलो खंय? मी चाय पियाक गेलंय, तितक्यात तेका पाय फुटले?"

सायकल भाईंच्या मुलाची, देवेशची. तो बोटीवर नोकरीला, आणि खाऱ्या वाऱ्यानं इकडे सायकलच्या मागच्या चाकाची रिम खाल्लेली. तो सुट्टीवर यायच्या आत नवं चाक बसवायचं होतं. पण जुनं चाक भाईंनी तारकर्लीहून कट्ट्याला महादूच्या दुकानात नेलंच नाही. चाक दुकानात ठेवलं की आतले छर्रे बदलतात, ही त्यांची खात्री. म्हणून महादूकडूनच पान्हे मागून आणून त्यांनी कॅसेट घरी उतरवली आणि तेवढीच पिशवीत घालून नव्या चाकाबरोबर नेली. एवढी काळजी घेऊनही वस्तू गेली. मग चोर कोण, हे भाईंना वेगळं कुणी सांगायला नको होतं.

"म्हणान माझ्या नावान देवाक नारळ ठेवलास?" महादूचा आवाज खाली गेला. "सकाळपासून गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढाक नाय. वाटेन जातत नि माझ्याकडे बघतत."

"नाव घेवक नाय मी." भाई ताठ बसले. सकाळचं गाऱ्हाणं त्यांना अजून पाठ होतं आणि ते पुन्हा म्हणायला मिळालं म्हणून बरंही वाटत होतं. "बा देवा महाराजा, माझी वस्तू ज्याच्या घरात आसात, त्याच्या घरचो माणूस वाटेत अडकांदे, मी येवन नारळ उचलीपर्यंत. इतक्यांच बोललंय. तुझ्या घरात नाय तर तू कित्याक भियतंस?"

फोन कानाला लावून सावित्री पडवीत आली. भाईंची बायको सकाळपासून असाच फोन लावत होती. देवेश बोटीवरून उतरून मुंबईहून गाडीनं निघाला होता. खारेपाटण आलं की फोन करतो, असं म्हणाला होता.

"अजून लागणा नाय," ती म्हणाली.

"घाटात रेंज नसता," भाई म्हणाले. जेवायच्या आधीही ते हेच म्हणाले होते.

महादूनं हात फडक्याला पुसले. "जुनां चाक खंय आसा? तेवा मागलंय, तेवा दाखवक नाय तुमी."

"तेचां तुका काय काम?"

सावित्रीनं नुसतं वर बोट केलं. पडवीच्या वाशाला जुनं चाक आडवं टांगलं होतं आणि त्याच्या तारांना खारवलेले बांगडे. मांजरांपासून लांब. भाईंनी कॅसेट काढून चाक कोपऱ्यात टाकलं, त्याच दिवशी तिनं ते उचललं होतं. चांगली वस्तू टाकायची कशाला?

महादू स्टुलावर चढला. बांगडे हलले. चाकाच्या मधोमध असलेल्या हबच्या वरच्या अंगाला त्यानं नख लावलं, मग पेचकसाचं टोक घातलं. जुन्या ग्रीसनं आणि गंजानं चिकटलेली एक काळी कडी सुटून आली. इतकी पातळ, की बघणाऱ्याला हबचाच भाग वाटावी. तळहातावर घेऊन त्यानं ती भाईंपुढे धरली.

भाई उठले. वायसर त्यांनी बोटांत धरून पाहिला. मग महादूच्या खिशाकडे पाहिलं.

"खिशातसून काढलंस ना रे? वर चढान घातलंस, नि आता आमका काढून दाखवतंस."

महादू स्टुलावरून उतरला आणि पान्हे गोळा करू लागला. त्याला राग आला नव्हता, वीट आला होता.

सावित्रीनं फोन कानावरून काढला.

"बरां," ती म्हणाली. "म्हणजे वायसर महादूच्याच घरात होतो. तर मगे नारळ ऱ्हवांदे थंयच."

भाई वायसर बोटांत फिरवत राहिले.

"काय वो? ऱ्हवांदे ना?"

भाईंनी रस्त्याकडे पाहिलं. रस्ता माडांमधून वळेपर्यंत रिकामा होता. त्यांनी वायसर नाकाशी नेला. त्याला बांगड्याचा वास येत होता.

तो त्यांनी महादूच्या हातात दिला आणि ते पडवीच्या कोपऱ्यात नारळांच्या ढिगाजवळ गेले. सकाळी देवळात न्यायला त्यांनी ढिगातला सगळ्यात बारका नारळ उचलला होता. आता ते उकिडवे बसले आणि मोठे नारळ एकेक करून कानाशी हलवून पाहू लागले.

सावित्रीनं पुन्हा नंबर लावला.

"आनी आयका," ती त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाली. "नारळ उचलताना ह्या खेपेक महादूचां नाव घेवन बोला. सगळ्यांका आयकाक जाय असां."