उलट्या शिवणीचं झबलं

डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा तेच विचारलं, घराण्यात आधी कुणा बाळाचं अंग असं सोललं होतं का? मुलगा म्हणाला, छे. सून म्हणाली, माहेरीही कुणी नाही. सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

टेबलावर घराण्याचा तक्ता होता. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. आधी कुणी निघालं तर औषध आजच सुरू करता येईल, बाई म्हणाल्या. नाहीतर रक्ताचा रिपोर्ट यायला दोन महिने, आणि पाच आठवड्यांच्या जिवाला तेवढा धीर धरवेल की नाही, सांगता येत नाही.

सुनेनं मान खाली घातली. पोटुशी असताना तिखट खाल्लंस, त्याचे हे भोग, असं सासूबाईंनीच तिला येता-जाता ऐकवलं होतं. तेव्हा जीभ कशी झडली नाही, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

बाईंनी बाळाला तपासायला घेतलं. लालबुंद अंग, कोपरांत भेगा. नुसतं बोट लागलं तरी कळवळत होतं. झबलं उलटं घातलंत की काय, बाईंनी हसून विचारलं. नाही, सून म्हणाली, सासूबाईंनी शिवलंच तसं, शिवण बाहेरून.

बाईंचं हसू मावळलं.

"आजी, शिवण टोचते हे कळायला आयांना महिने लागतात. तुम्हाला कुणी सांगितलं?"

कोण सांगणार! छत्तीस वर्षांपूर्वी चार झबली त्यांनी उसवून अशीच उलटी शिवली होती. मग घरच्यांनी तोंडाला कुलूप घातलं, पुढच्या पोराला मुलगी कोण देईल म्हणून. त्या पोरालाही पत्ता नव्हता. कुलूप तोंडाला होतं, हातांना घालायचं राहून गेलं.

"याच्या आधी एक मुलगी झाली होती," त्या म्हणाल्या.

मुलगा आईकडे बघतच राहिला. बाईंनी त्याच्या चौकोनाशेजारी एक गोल काढला, तो शाईनं भरला, आणि लगेच औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली. लिहिता लिहिता मुलीचं नाव विचारलं. ठेवलंच नव्हतं. किती दिवसांची गेली? एकोणचाळीस. शेवटी शेवटी फार रडायची का?

"उचललं की किंचाळायची हो. म्हणून मी उचलायचंच सोडलं." सासूबाई म्हणाल्या. "मग दोन दिवस अगदी गप्प पडून होती. मला वाटलं, उतार पडला."