तो की ती
शेजारच्या चिनी श्वे मावशींनी साठीत कोर्टात दुभाषी व्हायचं ठरवलं. 'पर्जरी' म्हणजे खोटी साक्ष, 'हिअरसे' म्हणजे ऐकीव साक्ष, असे हजारभर कायद्याचे इंग्रजी शब्द त्यांनी कार्डांवर लिहून पाठ केले. जर्सी सिटीच्या ट्रेनमध्ये मीच कार्डं हातात घेऊन त्यांना ते विचारायचे. त्यांच्या पहिल्या खटल्याला मी सुट्टी काढून गेले. आईबापांत मुलाच्या ताब्यावरून वाद होता. त्यांची चिनी घरमालकीण साक्ष देत होती. मावशींनी इंग्रजीत सांगितलं, "त्याने मुलाला मारलं." बाप पांढराफटक पडला. मावशींनी लगेच हात वर केला. "युवर ऑनर, चूक माझी आहे. चिनीत 'तो' आणि 'ती'चा उच्चार एकच असतो. मी साक्षीदाराला विचारू का?" परवानगी मिळाली. घरमालकिणीने आईकडे बोट दाखवलं. बाहेर मी म्हणाले, "मावशी, भर कोर्टात कबूल केलंत!" मावशींनी कोऱ्या कार्डावर इंग्रजीत 'तो' आणि 'ती' लिहिलं. "उद्या आधी हे विचार."