हळदीची सीडी

सासूबाईंची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती आणि सुधाकर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. मीराचं डोकं फिरलं. स्वतःच्या आईला गावी पोचवायला आता रिक्षा येणार, आणि हा बाबा काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बडवतोय!

जिजाबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी एव्हरशाईन सोसायटीतल्या या फ्लॅटवर आल्या होत्या. आता इथेच राहू दे, खाडीकाठच्या त्या घरात एकटी काय करणार, असं सुधाकरने म्हणून पाहिलं. मीराने एका झटक्यात विषय मिटवला. भर हळदीत जिने माझा रंग काढला, तिला मी जन्मभर वाढणार नाही, म्हणाली.

हे रंगाचं प्रकरण लग्नाच्या सीडीतलं. कंपनीने भंगारात काढलेला लॅपटॉप सुधाकरने उचलून आणला, विंडोज त्याला झेपेना म्हणून त्यावर लिनक्स टाकलं, आणि दोघं हौसेने सीडी बघायला बसले. चित्र आपलं कुथत कुथत चाललंय, आवाज पुढे पळालाय. भटजींनी तोंड उघडलं आणि आतून बाईचा आवाज आला, तेव्हा मीरा पोट धरधरून हसली. त्या हसण्यात ती बाई काय बोलली ते कोणाला ऐकूही आलं नाही. पुढे पडद्यावर सासूबाई आल्या. त्यांचे ओठ हलले आणि घोगरा, तुटक, कोणाचाही वाटावा असा आवाज आला.

"एवढी हळद चोळली, तरी काळं ते काळंच."

मीराचं हसू जागच्या जागी विरलं. सुधाकरने परोपरीने सांगितलं, अगं, आवाज आणि चित्र जुळत नाहीये, भटजींचं नाही का पाहिलंस? भटजींचं मला सांगू नका, मीरा म्हणाली. ती सरळ गावी गेली आणि सासूबाईंनाच विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. "म्हनाले असंन," एवढंच बोलल्या आणि पुन्हा खडे काढायला लागल्या. झालं! याच्यावर आणखी पुरावा तो काय हवा? ती सीडी त्या दिवशी कपाटात गेली ती गेलीच.

आणि आज सुधाकरला कंपनीतल्या कोणीतरी लॅपटॉपचं दुखणं शोधून दिलं होतं. चित्र दाखवायचं काम ज्या कार्डाचं, ते आपलं आरामात बसून होतं आणि सगळा बोजा एकट्या प्रोसेसरवर पडत होता. घरोघरी असतं तसंच. सुधाकरने एक ओळ बदलली, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला आणि मीराकडे न बघता म्हणाला, "सीडी दे."

"राहू दे रे," काळ्या चष्म्याआडून जिजाबाई म्हणाल्या. "जुनं कशाला उकरतोस? रिक्षा येल आता."

चोराच्या मनात चांदणं, मीरा मनात म्हणाली. तिने स्वतः कपाट उघडलं, स्वतः सीडी घातली. बघू दे एकदा लेकाला आपल्या आईचं तोंड, धडधडीत.

चित्र सुरू झालं आणि कसं, पाण्यासारखं वाहायला लागलं. भटजींनी तोंड उघडलं, तर त्यातून भटजींचाच आवाज आला. कॅमेरा बायकांच्या रांगेवरून सरकला. हिरव्या साडीतल्या जिजाबाई आल्या. त्यांचे ओठ हलले.

"पोर सकाळपासून उपाशी हाय. चा तरी द्या तिला कोनी."

मीराला तो चहा आठवला. स्टीलच्या पेल्यातला, भरपूर साखर घातलेला. हळदीने हात भरलेले म्हणून कोणीतरी तिला तो पाजला होता. आपल्या आईनेच पाठवला असणार, असं ती आजवर धरून चालली होती.

कॅमेरा पुढे सरकला. सासूबाईंच्या शेजारच्या खुर्चीत तिची आई होती. आईला बघून मीराचा चेहरा आपोआप फुलला. आई पलीकडच्या बाईकडे झुकली, हसली आणि बोलली.

"एवढी हळद चोळली, तरी काळं ते काळंच."

"मागे घ्या," मीरा म्हणाली.

सुधाकरने मागे घेतलं. तेच तोंड, तेच हसू. आणि आवाज? शाळेसाठी रोज सकाळी उठवायचा तो आवाज, आणि तो आपल्याला ओळखू आला नाही? सगळ्या जगाने रंगावरून टोमणे मारले होते, एक आई तेवढी कधी बोलली नव्हती. मनवेलपाड्याच्या माहेरच्या खोलीत मांडीवर डोकं घेऊन ती दुधाची साय चोळायची आणि म्हणायची, रंगात काय ठेवलंय बाळा.

खाली रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. जिजाबाई भिंतीचा आधार घेत उठल्या आणि चाचपडत पिशवीपाशी गेल्या.

"तुम्हाला माहीत होतं?" मीराने विचारलं.

"मी तिच्या बाजूलाच बसलेले ना."

"मग मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीत?"

जिजाबाईंनी पिशवीचे बंद हातात घेतले.

"सासू वाईट निघाली तर पोरगी आईकडं जाऊन रडते," त्या म्हणाल्या. "आई वाईट निघाली तर तू कुठं जानार होतीस?"