नागूच्या वरातीची भिंत

“सर, अक्षरं बारीक होत चाललीत,” हर्षला शिडीवरूनच म्हणाली. “पहिली परात लांबून वाचता येते. शेवटच्या ताटलीला तर नाक लावावं लागतंय.”

येसाजी मास्तरांनी चष्मा पुसला. तंत्रनिकेतनात त्यांनी आयुष्यभर आरेखन शिकवले होते. मापात त्यांची चूक होत नसे. “आराखड्याप्रमाणेच आहे,” ते एवढेच म्हणाले.

हर्षला मुंबईहून आलेली चित्रकार. कुंभिवलीत रस्त्यालगतची लांब कुंपणभिंत तिला घरोघरची भांडी लावून आणि गावाचीच एक गोष्ट लिहून सजवायची होती. लोकांनी पराती दिल्या, पोचे आलेली घमेली दिली, झिजलेल्या ताटल्या दिल्या. गोष्ट मात्र मास्तरांनी निवडली, नागूच्या वरातीची. नेरळहून भाड्याने आणलेला घोडा फटाक्यांना बिचकला, नवरदेवासकट पळाला आणि थेट भलत्याच मांडवात शिरला. त्यापुढचे गावातल्या बायका आजही तोंडाला पदर लावून सांगतात. पहिल्या पराती हर्षलाने ठसठशीत रंगवल्या. पुढची भांडी गावातल्या भांडीवाल्या हारूनभाईंनी, लग्नाच्या भांड्यांवर नावे घालतात त्याच यंत्राने, कोरली.

“अवो मास्तर, सगळ्या मुलखाला कळंल की!” नागू कळवळला.

“जो थांबेल त्यालाच कळेल,” मास्तर म्हणाले.

विमलबाईंना या सगळ्या थाटाचा रागच होता. भिंत जिथे संपत होती, तिथेच रस्त्यापलीकडे शाळेचे फाटक होते. गेल्या पावसाळ्यात रस्ता ओलांडताना त्यांच्या नातीचे दप्तर ट्रकखाली गेले. ऋतिका थोडक्यात वाचली. तेव्हापासून गतिरोधकासाठी केलेला गावाचा प्रत्येक अर्ज ‘वाहतुकीस अडथळा’ असा शेरा घेऊन परत येत होता. सुशोभीकरणाला मात्र परवानगी लगेच मिळाली.

“पोर जीव मुठीत धरून रस्ता वलांडते, आन तुमी भिंती नटवताय,” त्या मास्तरांना म्हणाल्या. “आमी मागितला गतिरोधक, मिळाली भांड्यांची मांडणी. माझी परात द्या परत.”

“उद्या शाळा भरेपर्यंत राहू द्या, विमलवैनी. मग खुशाल न्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परवानगी देणाऱ्या रस्ते खात्याच्या साहेबांनी फीत कापली. ते भिंतीच्या कडेकडेने चालत गेले आणि शेवटच्या ताटलीपाशी वाकले.

“छान आहे. पण अक्षरं फार बारीक. धावत्या गाडीतून हे वाचणार कोण?”

“कोणीच नाही, साहेब,” मास्तर अदबीने म्हणाले.

हर्षलाने कपाळाला हात लावला. शाळेची घंटा झाली. विमलबाई ऋतिकाचा हात घट्ट धरून रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, आणि त्याच वेळी खोपोलीच्या बाजूने एक ट्रक भरधाव आला.

चालकाला लांबूनच पहिली परात दिसली: ‘घोडा नवरदेवाला घेऊन पळाला!’ दुसऱ्या परातीपाशी ट्रकचा वेग उतरला. घमेल्यांपाशी चालकाची मान खिडकीबाहेर आली. ताटल्या सुरू झाल्या तसा ट्रक रांगू लागला, आणि फाटकासमोर, शेवटच्या ताटलीपाशी, उभाच राहिला. मागच्याने भोंगा वाजवला. मग त्याचेही लक्ष भिंतीकडे गेले आणि भोंगा बंद पडला. ट्रक कशाला थांबला, हे पाहायला समोरून आलेला टेंपोही थांबला.

“मग लगीन लागलं कुणासंगं रं?” चालकाने डोळे बारीक करून विचारले.

“वाच की! लिवलंय सगळं!” नागू छाती काढून ओरडला.

रस्ता दोन्ही बाजूंनी निपचित पडला होता. विमलबाईंनी मास्तरांकडे पाहिले. मास्तर चष्मा पुसत होते. परातीचे नावही न काढता विमलबाईंनी रस्त्यात पाऊल टाकले.

“चल गं ऋतिका. ट्रकवाला वाचतोय.”