फाइल वापरात आहे

तीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर घरातल्या राउटरला जोडता जोडता दुरुस्तीवाल्याच्या नाकी नऊ आले. वाकून वाकून कंबर धरली होती. घरच्या म्हाताऱ्या बाई मात्र ऐकायला तयार नव्हत्या.

"यांनी मुलीला लिहिलेलं पत्र आहे त्यात. संध्याकाळी ती येतेय, बारा वर्षांनी. हे तर गेले. तिच्या हातात ठेवायला माझ्याकडे दुसरं काय आहे?"

"काकू, एवढ्या वेळात मी हातानं लिहून दिलं असतं," जुन्या कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसत तो पुटपुटला.

शेवटी एकदाची जोडणी झाली. मांडीवरच्या लॅपटॉपवर पत्र दिसलं, पण कॉपी होईना. 'फाइल वापरात आहे,' एवढंच उत्तर येई.

राउटरवर दोनच यंत्रं जोडलेली होती, त्याचं आणि ते जुनं. जुन्यावर तर काहीच उघडं नव्हतं. तरी पत्राचा आकार एका अक्षराने वाढला. थोड्या वेळाने आणखी एका अक्षराने.

"काकू, हे वाढतंय."

"एका बोटानं टाइप करायचे हे," बाई दमलेल्या आवाजात म्हणाल्या. "वेळ लागायचाच."

त्याने पत्र नुसतं वाचायला उघडलं. खुशालीच्या चार ओळींनंतर ते अर्धवट थांबलं होतं. त्याखाली नवी अक्षरं एकेक करून उमटत होती.

'बाळ, चूक माझीच होती. त्या दिवशी मी'

तिथे जरा खंड पडला. मग पुढची ओळ आली.

'खुर्चीत कोण बसलंय? बाजूला सरका हो, मला स्क्रीन दिसत नाही.'