दंडातली चरबी

"फोनवर कुणाशी बोलत होतीस?" असं ओरडत उत्तमने बायकोचे केस धरले. वैजयंताने जोरात मान फिरवली आणि केस सहज सुटले. मग त्याने तिच्या थोबाडीत मारली. तीही लागली नाही.

बायकोला मारहाण केल्याबद्दल न्यायालयाने गेल्या वर्षी त्याला इंजेक्शनची शिक्षा दिली होती. तेव्हापासून त्याच्या स्नायूंमधल्या मूलपेशी नवा स्नायू घडवायचं सोडून चरबीच घडवत होत्या. दंड पूर्वीसारखेच जाडजूड दिसत, ताकद तेवढी गेली होती.

वैजयंताने त्याला ढकललं आणि तो कोसळला. तिने लाटणं उचललं. खांद्यावर, बरगड्यांवर, तोंडावर ती हाणतच राहिली. त्याच्या नाकातून रक्त आलं तरी ती थांबली नाही.

"आई, पुरे! अप्पांना उठतासुद्धा येत नाहीये!" मुलगी ऋतू किंचाळली.

"मला तरी कुठे उठता यायचं?"

ऋतूने बापाच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं. पुढचा फटका तिच्या पाठीत बसला. तेव्हा कुठे वैजयंता भानावर आली. मुलीला उठवायला तिने हात पुढे केला, तर ऋतूने अंग चोरलं.