काचेचा उजवा कोपरा

रावजींनी तिसरं यंत्रही काउंटरवर बाजूला सारलं. "चित्र लई भारी हाय रे. पण आवाज न्हाय ह्येला."

दुकानदार नंदीश सोशिक माणूस. गाडीत बसवायची, रस्ता बोलून दाखवणारी तीन यंत्रं त्याने खोक्यातून काढली होती. एकाचा पडदा मोठा, एकाला कॅमेरा. रावजींचं मात्र एकच पालुपद, आवाज किती?

शेजारच्या स्टुलावर यशोदाबाई मांडीवर पिशवी घेऊन धुमसत होत्या. जुनं यंत्र मे महिन्याच्या उन्हात गाडीतच तापून बंद पडलं, तेव्हा त्यांना मनातून बरंच वाटलं होतं. मुलगा पृथ्वीराज पुण्याहून सांगत होता की फोनवर सगळं दिसतं. पण नाही, रावजींना ती यंत्रातली बाईच हवी. ती बाई 'बाएँ मुड़िए' म्हणाली की हा माणूस मुकाट वळायचा, आणि शेजारी बसलेली लग्नाची बायको 'थांबा' म्हणाली तर गाडी सुसाट पुढे.

रावजींनी एकतीस वर्षं एसटी चालवली. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर जुनी गाडी घेतली आणि म्हणाले, आता तुला समद्या वाटा दावतो. पण तोवर जिथे तिथे बायपास झाले, पूल झाले, म्हणून ते यंत्र आलं. मागच्या महिन्यात फलटणला लग्नाला जाताना यशोदाबाईंनी दोनदा सांगितलं, वेळापूरचं देऊळ बघू. देऊळ मागे पडलं, गाव मागे पडलं. परतताना सोलापूर येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि रावजींच्या ते लक्षातही आलं नाही. हे त्यांना जास्त लागलं. उद्या महाबळेश्वरला निघायचं होतं, आणि यापुढे ह्यांच्याबरोबर कुठे जायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"काका, ह्ये चौथं, शेवटचं," नंदीश म्हणाला. "गाडीत लावून एक चक्कर मारू. मग ठरवा."

त्याने यंत्र काचेच्या मधोमध चिकटवलं आणि मागे बसला. रावजींनी गाडी काढली. जरा पुढे गेल्यावर यंत्र ओरडलं, "आगे से बाएँ मुड़िए." रस्त्यावरच्या शहाळेवाल्यानेसुद्धा मान वर केली. रावजी सरळ गेले. पुढच्या चौकात तेच.

"बोलती कुटं ही?"

"फुल आवाज हाय की काका!"

रावजींनी गाडी बाजूला घेतली, यंत्र ओढून काढलं आणि काचेच्या उजव्या कोपऱ्यात, आपल्या दाराजवळ लावलं. जुन्या यंत्राच्या रबराचा गोल डाग तिथे अजून होता. गाडी सुटली. "बाएँ मुड़िए." रावजी लगेच वळले.

"हां! आता कशी बोलली."

यशोदाबाई त्या डागाकडे बघत राहिल्या. फार वर्षांपूर्वी माहेरी जाताना त्या ह्यांच्याच एसटीत पुढे बसल्या होत्या. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला इंजिनाचं झाकण, आणि त्याखाली असा काही गडगडाट, की त्यांनी अख्खी वाट कानात बोटं घालून काढली होती. हा माणूस तो डावा कान तसाच ठेवून एकतीस वर्षं बसला होता. घरी जेवताना बाकीचं घर मोकळं असून तो डाव्या अंगाला भिंत धरून का बसतो, हेही त्यांना आताच कळलं.

तरी खात्री करून घ्यायची होती. त्यांनी समोर बघत, बेताच्या आवाजात एक शब्द उच्चारला. बेचाळीस वर्षांत उखाण्याबाहेर तो त्यांच्या तोंडून कधी निघाला नव्हता.

"रावजी."

रावजींनी गिअर बदलला.

"अवो रावजी."

मागे नंदीशला ठसका लागला. रावजी पुढच्या रिक्षाला ओलांडायला जागा शोधत होते.

यशोदाबाईंचा दोन वर्षांचा राग तेवढ्या रस्त्यात कुठे गेला, कोण जाणे. त्यांना फार वाईट वाटलं. वाईट वाटता वाटता हसूही आलं, म्हणून त्यांनी तोंडाला पदर लावला.

दुकानापाशी गाडी थांबली. "ह्येच घेतो," रावजी खुशीत म्हणाले.

"मग उजवीकडंच राहू देऊ ना काका?" नंदीशने विचारलं.

"नगं," यशोदाबाई म्हणाल्या. "मधीच लाव." नंदीश यंत्र मधोमध लावून बिल करायला दुकानात गेला. त्या उतरल्या, गाडीला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि रावजींच्या मागचं दार उघडून बसल्या.

रावजींनी मान वळवली. "आगं, मागं का बसलीस?"

त्या पुढे वाकल्या आणि त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "रावजी, उद्या वेळापूरला थांबायचं हाय."

रावजींचा हात हॉर्नवर पडला. रस्त्यावरची चार माणसं वळून बघायला लागली. मग रावजींनी इंजिन बंद केलं.

"पृथ्वीला सांगू नगं," ते हळूच म्हणाले. "किल्ली काढून घील."

"महाबळेश्वरास्नं आल्यावर कान दावायचा डॉक्टरला. मग न्हाय सांगत."

"व्हय." त्यांनी काचेच्या मधोमध लागलेल्या यंत्राकडे बोट केलं. "आन ही? हितनं मला कुटं ऐकू यायची?"

"ती मला सांगंल," यशोदाबाई म्हणाल्या. "मी तुमाला सांगते."